मोडी लिपी : अक्षरांची घडण आणि वाचन

मराठी लिहिण्याची जलद लिपी. देवनागरीला मराठी माणूस बाळबोध म्हणतो. पोथ्या, स्तोत्रे आणि कोरीव लेख बाळबोधीत, तर दप्तर, हिशेब, पत्रे आणि करारमदार मोडीत, अशी वाटणी काही शतके चालली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला संपली. रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा) किनाऱ्यावर आंगऱ्यांचा अलिबागचा कारभार, जंजिऱ्याच्या संस्थानाचा मराठी पत्रव्यवहार, खोतांच्या वह्या आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांची खरेदीखते याच लिपीत आहेत. प्रस्तुत नोंदीत लिपीच्या इतिहासापेक्षा, नव्या शिकणाऱ्याने तिच्या अक्षरांची घडण कशी ओळखावी याला अधिक जागा दिली आहे.

उगम : देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत (तेरावे शतक) याने मोडी प्रचारात आणली, अशी परंपरा आहे. फार्सी दप्तरातील शिकस्ता या घसरत्या लेखनाचा तिच्यावर प्रभाव पडला, असाही एक पक्ष आहे. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या संधीवरील काही लेखनात शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांनाच तिचे जनकत्व दिलेले आढळते. ते टिकत नाही, पण लेखनाचे वळण बसवण्यातील त्यांचा वाटा नाकारलेला नाही. बाळाजींचे घराणे याच किनाऱ्याशी जोडलेले. वडील जंजिऱ्याच्या सिद्दीच्या चाकरीत असताना मारले गेले आणि कुटुंब राजापूरला पोहोचले, असे चिटणीस घराण्याची परंपरा सांगते. १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आज्ञेने बाळाजींना देहान्त शिक्षा झाली.

घडण : मोडीचे एकेक अक्षर सुटे पाठ करणारा शिकाऊ पहिल्याच खऱ्या कागदावर अडतो. वर्णमालेचा तक्ता तोंडपाठ, तरी ओळ लागत नाही. याचे कारण असे की मोडीचा घटक सुटे अक्षर नसून दोन अक्षरांमधला सांधा आहे. लेखक आधी पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेतो आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे ओवत जातो. बाळबोधीत शिरोरेषा शब्दापाशी तुटते, म्हणून शब्द कुठे संपला ते दिसते. मोडीत ती सोय नाही. शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही, परिच्छेदही बहुधा नाही.

हात न उचलण्याच्या या एका नियमातून बाकीचे बरेचसे निघते. बाळबोधीत जिथे कोपरा, तिथे मोडीत वळसा किंवा गाठ. बाळबोधीत काना ही सुटी उभी रेघ असते. मोडीत अक्षराचा शेवटचा फराटा तळातून वळून शिरोरेषेकडे चढतो आणि तिथून काना होऊन उतरतो. स्वरचिन्ह लागताच काही अक्षरे आपले मूळ रूप सोडतात. म्हणून बाराखडी केवळ वाचून भागत नाही, ती गिरवावी लागते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. शिकवताना बहुधा एकच वेलांटी (दुसरी) आणि एकच उकार (पहिला) सांगतात, आणि शुद्धलेखनाच्या धाकात वाढलेल्या विद्यार्थ्याला हा मोठाच दिलासा वाटतो. ग, ट, ठ, ण ही अक्षरे बाळबोधीच्या ओळखीची वाटतात, तर क आणि झ सपशेल परकी.

जुने जाणकार आधी लिहायला शिकवत आणि मग वाचायला. ही पद्धत जुनाट म्हणून सोडून देण्याची चूक अलीकडे होते. फराट्याची दिशा हाताला कळली की डोळ्याला सांधा सुटा करता येतो. चुकत असेल तर ओळ पातळ कागदावर उतरवून पाहावी. लेखकाचा हात कुठे वळला असेल ते आपल्याच बोटांना समजते.

तुलना : चिनी लेखनाचा विद्यार्थी याच अडचणीतून जातो. छापील चिनी चिन्ह घटकांत फोडता येते. नदी, सरोवर आणि समुद्र या तिन्हींच्या चिन्हांत डावीकडे पाण्याचा तोच तीन फटकाऱ्यांचा घटक असतो, आणि उजवीकडचा भाग बहुधा उच्चार सुचवतो. इसवी सन १०० च्या सुमारास शू शेन याने आपला कोश अशा ५४० घटकांखाली लावला. १७१६ च्या कांग्शी कोशात ते २१४ आहेत. मात्र चिनी घसरत्या लेखनात (त्साओशू) हे घटक एकमेकांत विरघळतात आणि फटकाऱ्यांचा क्रम ठाऊक असणाऱ्यालाच चिन्ह लागते. मोडीचे नाते या घसरत्या लेखनाशी आहे. घटक मोजून ती सुटत नाही, हाताची वाट धरावी लागते.

आक्षी : अलिबाग तालुक्यातील आक्षी येथील शिलाहार राजा केशिदेवाचा लेख देवनागरीत आहे. त्याचे शके ९३४ (इ. स. १०१२) असे वाचन शं. गो. तुळपुळे यांनी मांडले. काळाबद्दल मतभेद आहेत. मोडीच्या उलट, छिन्नीने कोरलेले अक्षर एकेकटे उभे राहते, एवढाच त्याचा येथे संदर्भ.

मायना : हाताच्या वाटेनंतर शिकणाऱ्याचा दुसरा आधार म्हणजे कागदाचा ठरीव साचा. माथ्यावर श्री. मग समोरच्याच्या पायरीप्रमाणे मायना : बरोबरीच्याला ‘राजमान्य राजश्री’, वरिष्ठाला लांबलचक अलंकार, हाताखालच्याला नुसती आज्ञा. मग विनंतीची ओळ, मजकूर, शेवटी ‘जाणिजे’ आणि तारीख. हा साचा आधी पाठ असला की पहिली दीड ओळ जवळजवळ न वाचताच वाचता येते. त्या ओळीत या लेखकाचा र कसा, ज कसा, श कसा हे कळते, आणि त्या किल्लीने पुढचा मजकूर उघडतो. प्रत्येक लेखकाची किल्ली निराळी, म्हणून एका हाताचे कागद सलग वाचणे हे दहा हातांचे दहा कागद वाचण्यापेक्षा लाभाचे.

संक्षेप : दप्तरातील लेखक पूर्ण शब्द क्वचितच लिहितो. मौजे, परगणा, तर्फ, सुमारे, निसबत, गुजारत या शब्दांचे पहिले अक्षर लिहून पुढे दंड द्यायचे, की काम झाले. तारखेआधीचा ‘छ’ चंद्रतिथी दाखवतो : ‘छ १२ मोहरम’. घोटाळा दंडांमुळे होतो. अक्षरापुढचे दोन दंड संक्षेप दाखवतात आणि आकड्यापुढचे दोन दंड अर्धा. ४। म्हणजे सव्वाचार, ४॥ म्हणजे साडेचार, ४॥। म्हणजे पावणेपाच. भाताची खंडी म्हणजे २० मण. त्यामुळे खाराच्या शेताच्या वसुलीत एक दंड चुकला तर पाव खंडी, म्हणजे पाच मण, इकडचे तिकडे होते.

कालगणना : मराठेशाहीच्या कागदांत शुहूर (सुहूर) सन अरबी संख्यानामांनी लिहितात आणि ती नामे मोडीत आणखीच वळलेली असतात. एकपासून दहापर्यंत इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर. वीस अशरीन, तीस सलासीन, सत्तर सबैन, शंभर मया, हजार अलफ. क्रम एकंपासून चढता. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे ५ अधिक ७० अधिक १०० अधिक १०००, अर्थात ११७५. वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि पुढच्या महिन्यांना ६०० मिळवले की इसवी सन येतो. वरील कागद म्हणून १७७४-७५ चा, कुलाब्यास रघुजी आंगरे (मृत्यू १७९३) यांची कारकीर्द असतानाचा ठरेल. सलास आणि सलासीन यांत फरक शेवटच्या एका वळशाचा. तो निसटला की तिसाचे तीन होतात, आणि मृत सरखेल (आंगरे) हयात किंवा हयात सरखेल मृत ठरतो. वर्ष ठरवल्यावर कागदातील नावे त्या वर्षी खरोखर अधिकारावर होती का, हे ताडून पाहण्याचा नियम यासाठीच आहे.

स्थलनामे : छापील नकाशावरचे नाव मनात धरून कागद वाचू नये. चौल जुन्या कागदांत चेऊल असे येते. अष्टागरात (किनाऱ्यावरच्या आठ आगरांत) नेमकी कोणती गावे धरावीत याच्या याद्या एकसारख्या नाहीत. खार, खाजण, आगर, मिठागर हे शब्द किनाऱ्यावरच्या जमिनीच्या कागदांत पुन्हा पुन्हा भेटतात, आणि घाटावरच्या कागदांवर शिकलेला वाचक नेमका तिथेच थबकतो. त्याने खाडी, बांध आणि भरती यांची ओळख आधी करून घ्यावी. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की वसुलीत सूट मागावी लागते, हे ज्याला ठाऊक त्याला पुढचा शब्द अर्धा दिसला तरी लागतो.

वळणे : चिटणीशी, बिवलकरी, महादेवपंती आणि रानडी ही पेशवेकाळाशी जोडलेली वळणे. इंग्रजी अमलात बोरूऐवजी टाक आला, अक्षर बारीक आणि अधिक तिरपे झाले. १८४० मध्ये कुलाबा संस्थान खालसा झाल्यावरचे महसुली कागद याच वळणाचे आहेत. शिकाऊ वाचक नेहमी ‘शिवकालीन’ कागद मागतो, पण हाताशी येणारे घरगुती कागद बहुतेक या शेवटच्या पिढीचे असतात आणि तेच वाचायला अधिक जड. घाई वाढली, कागद स्वस्त झाला, आणि लेखकाने वाचणाऱ्याची फिकीर सोडली.

मुद्रण : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेरामपूरला मोडीचे खिळे पडले. छापखान्यात बाळबोधच टिकली.

संगणक : युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत (जून २०१४) मोडीला स्वतंत्र विभाग मिळाला. त्यात ७९ चिन्हे आहेत. तेथे अक्षरे सुटी नोंदवली आहेत, सांधा साधण्याचे काम फॉन्टकडे सोपवले आहे.