कीटभृंगन्याय

आमच्या अभ्यासिकेंतील कपाटाच्या कुलपाच्या भोकांत गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका कुंभारणीनें बिऱ्हाड थाटलें. ही बारीक कमरेची माशी दिवसभर हिरव्या अळ्या आणून आंत कोंबीत होती, आणि शेवटीं ओल्या मातीनें तिनें तोंड लिंपून टाकलें. लिंपतांना ती जो गुंजारव करी तो ऐकून, वाचकांपैकीं अनेकांना जो न्याय आठवेल तोच आम्हांलाही आठवला. कुंभारीण किड्याला कोंडून ठेवते, तो भयानें अहोरात्र तिचेंच ध्यान करतो आणि अखेर स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडतो, असा हा कीटभृंगन्याय. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें जे चोवीस गुरु सांगितले त्यांत ही माशी आहे. आणि एकनाथांनीं १५७३ सालीं काशीस पूर्ण केलेल्या टीकेमुळें ती मराठी घराघरांत पोहोंचली.

ध्यानाचें बळ सांगणें हें दृष्टान्ताचें काम. कीटकशास्त्र शिकविणें हें नव्हे. तेव्हां त्याची चेष्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. किंबहुना ज्यानें तो प्रथम योजला त्याचे डोळे उघडे होते. अळी आंत जाते, माशी बाहेर येते, हीं दोन्ही टोंकें त्यानें अचूक पाहिलीं. मधल्या काळांत मातीचें झांकण काढून पाहिलें नाहीं, एवढेंच. आंत माशीनें एक अंडें घातलेलें असतें. डंखानें लुळ्या पडलेल्या, परंतु मेलेल्या नसलेल्या अळ्या ही त्या अंड्यांतून निघणाऱ्या पिलाची शिदोरी होय.

युरोपांतही हीच चूक दुसऱ्या बाजूनें झाली. हॉलंडांतील मिडलबर्गचा चित्रकार योहानेस गूदार्ट हा अळ्या पाळी, त्यांचें खाणें पाही व त्यांतून जें निघेल त्याचें चित्र काढी. १६६२ पासून त्याचे ग्रंथ निघूं लागले. एकाच जातीच्या अळीपासून कधीं फुलपाखरूं निघे, कधीं बारीक माश्यांचा थवा. गूदार्टनें दोन्ही त्या अळीचींच अपत्यें मानलीं! १६६८ मध्यें इटलीच्या फ्रान्चेस्को रेदीनें, माशी बसल्यावांचून मांसांत किडे पडत नाहींत हें प्रयोगानें दाखविलें; पण झाडांवरील गांठींतले किडे झाडाच्याच जीवनशक्तीनें उपजतात अशी त्याचीही समजूत राहिली. एवढ्या चिकित्सक पुरुषानें एक कोपरा अंधारांतच ठेवावा याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें. अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर लेव्हेनहुक, वालिस्नेरी प्रभृतींनीं उलगडा केला: तो थवा अळीचा नव्हे, अळीच्या अंगांत अंडीं घालून गेलेल्या परक्या माशीचा.

या परोपजीवी माश्या कुंभारणीच्या नात्यांतल्याच, पण त्यांची रीत निराळी. त्या भक्ष्य घरीं आणीत नाहींत. जेथें सांपडेल तेथेंच अंडें टोंचतात, आणि पिलें यजमानाला जिवंतपणीं आंतून खातात. डार्विननें १८६० च्या मे महिन्यांत एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञास लिहिलें कीं, दयाळू व सर्वशक्तिमान ईश्वरानें असले प्राणी बुद्ध्या निर्माण केले असतील हें आपल्या मनास पटत नाहीं. ज्या माशीवरून आमच्याकडे तन्मयतेचा पाठ दिला गेला, तिच्या भावंडांनीं तिकडे श्रद्धेला असा धक्का द्यावा!

परंतु आम्हांस अधिक गोडी वाटते ती पुढच्या प्रश्नाची. अर्ध्या मिलिमीटरची माशी एवढ्या रानांत आपलें भक्ष्य शोधते कशी? १९३५ मध्यें निकल्सन व बेली या ऑस्ट्रेलियांतील दोघां विद्वानांनीं गणित मांडतांना ती वाट फुटेल तिकडे भटकते असें गृहीत धरलें. गणिताला तें सोयीचें होतें. माशीला मान्य नव्हतें. केंब्रिज येथें जॉर्ज सॉल्ट ट्रायकोग्रामा नांवाच्या माशीवर प्रयोग करीत होता. ही दुसऱ्या किड्यांच्या अंड्यांत अंडीं घालते. आकार बरोबर असला कीं ती बीं, कांचेचा मणी, फार काय पाऱ्याचा थेंबही तपासून पाही, इतकी भोळी. पण ज्या अंड्यावरून दुसरी माशी चालून गेली आहे तें ती ओळखून टाळी! अंडें पाण्यानें धुतलें कीं ही खूण नाहींशी होई. मग ती नळी टोंचून पाही, आणि आंत आधींच भाडेकरू आहे हें कळून बहुधा परत फिरे. १९३७ सालीं तेथेंच थॉर्प व जोन्स यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली. पिठांतील पतंगाच्या अळीवर वाढणारी माशी त्यांनीं मेणांतील पतंगाच्या अळीवर वाढविली, तेव्हां तिला या नव्या, परक्या वासाची ओढ लागली. लहानपणीं ज्या घरीं जेवली त्या घराची आठवण तिला राहिली म्हणावयाची.

१९९० मध्यें तर वनस्पतीच साक्षीला उभी राहिली. टर्लिंग्स, टमलिन्सन व लुईस यांना अमेरिकेंत असें आढळलें कीं, मक्याचें रोप अळी कुरतडूं लागली म्हणजे कांहीं तासांनीं विशिष्ट गंध सोडतें व त्या गंधाच्या मागानें परोपजीवी माशी येते. नुसतें पान ओरखडून तो गंध सुटत नाहीं. ओरखड्यावर अळीच्या तोंडचा रस लावला तर सुटतो. त्याच वर्षीं लुईस व ताकासु यांनीं दाखविलें कीं, दोन वासांपैकीं एकाशीं अन्न व दुसऱ्याशीं अळी जोडून शिकविली तर भुकेली माशी पहिल्याकडे जाते, तृप्त माशी दुसऱ्याकडे.

आमच्याकडे ऊसाच्या पानांखालीं खोडकिडीसाठीं ट्रायकोकार्डें लावतात. त्यांवरील माश्या तांदळांतील पतंगाच्या अंड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढविलेल्या असतात. तांदळाच्या घरीं वाढलेल्या या लेकीला ऊसाच्या फडांत माहेर आठवेल कीं सासर, हा थॉर्पच्या प्रयोगांतून निघणारा प्रश्न कार्ड टांगणाऱ्या शेतकऱ्याच्या पैशाचा आहे. आणि पाकिटावरील माश्यांच्या संख्येंत त्याचें उत्तर नसतें.

आमच्या कुलपाचें झांकण मात्र आम्ही फोडलें नाहीं. घरांतील वडील माणसांनीं तें फोडूं दिलें नाहीं. कांहीं आठवड्यांनीं एका सकाळीं मातीला बारीक छिद्र दिसलें. शेजारींच एक निळीहिरवी, धातूसारखी चकाकणारी माशी पंख सुकवीत बसली होती. ती कुंभारीण नव्हती. कुंभारणीच्या घरांत गुपचुप अंडें घालून जाणाऱ्या दुसऱ्याच एका जातीची ती लेक होती.