आई-बाबांचं ड्रायव्हिंग लायसन्स संपलंय? एक वर्ष उलटण्याआधी हे करा

बाबांची स्कूटर रोज मंडईपर्यंत जाते, आई अजून कार चालवते. पण लायसन्सची मुदत कधी संपली हे घरात कुणालाच आठवत नाही. अनेक घरांत हे लक्षात येतं ते पोलिसांनी गाडी अडवल्यावर किंवा विम्याचा क्लेम करताना. मुदत संपली म्हणून लायसन्स कायमचं जात नाही. मात्र मुदत संपून एक वर्ष झालं आहे की नाही, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

मुदत नेमकी किती असते?

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार खासगी वाहनाच्या लायसन्सची मुदत वयावर ठरते. लायसन्स काढताना किंवा रिन्यू करताना वय ३० च्या आत असेल तर ते वयाच्या ४० व्या वर्षापर्यंत चालतं. ३० ते ५० दरम्यान असेल तर १० वर्षं, ५० ते ५५ दरम्यान असेल तर वयाच्या ६० व्या वर्षापर्यंत आणि ५५ च्या पुढे प्रत्येक वेळी ५ वर्षं. म्हणजे ६२ व्या वर्षी रिन्यू केलेलं लायसन्स ६७ व्या वर्षी पुन्हा करावं लागतं. दुरुस्तीच्या आधी काढलेल्या लायसन्ससाठी कार्डावर छापलेली तारीख पाहा.

बाबांनी कधी काळी रिक्षा, टेम्पो किंवा ट्रक चालवला असेल तर कार्डावर दोन तारखा असू शकतात. 'टीआर' म्हणजे व्यावसायिक वाहनाची मुदत आणि 'एनटी' म्हणजे खासगी वाहनाची. टीआर संपली असली तरी एनटी चालू असू शकते, त्यामुळे दोन्ही नीट वाचा.

वयाची कमाल मर्यादा आहे का? खासगी वाहनासाठी कायद्यात तशी मर्यादा नाही. तब्येतीच्या अटी पूर्ण होत असतील तर पंच्याहत्तरीतही लायसन्स रिन्यू होतं.

एक वर्षाची रेषा

जुन्या नियमाप्रमाणे मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन्स चालू धरलं जायचं आणि ५ वर्षांपर्यंत चाचणीशिवाय रिन्यू करता यायचं. घरातली मोठी माणसं अजून याच भरवशावर असतात. २०१९ च्या दुरुस्तीनं या दोन्ही सवलती काढल्या. आता स्थिती अशी आहे:

• मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत रिन्यूअलचा अर्ज करता येतो. या काळात गाडी चालवण्याची चाचणी द्यावी लागत नाही.
• एक वर्ष उलटलं की चाचणी पास झाल्याशिवाय आरटीओ लायसन्स रिन्यू करू शकत नाही.
• मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी चालवणं बेकायदा आहे. एक वर्ष मिळतं ते फक्त अर्ज करण्यासाठी.

चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला सत्तरीत पुन्हा ट्रॅकवर चाचणी द्यायला लावणं कुणालाच आवडत नाही. म्हणून कार्डावरची तारीख आजच बघा.

मेडिकल सर्टिफिकेट: सही नको, तपासणी हवी

वय ४० च्या पुढे असेल तर डॉक्टरांचं मेडिकल सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म १-ए, लागतंच. त्यात डॉक्टरांना दिसण्याबद्दल आणि ऐकण्याबद्दल लिहावं लागतं. दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, हे प्रश्न त्यात असतात.

एजंट 'मेडिकलचं आम्ही बघतो' म्हणतात, ते ऐकू नका. या सगळ्या प्रक्रियेत आई-बाबांच्या सुरक्षिततेशी थेट संबंध असलेली हीच एक पायरी आहे. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन करून, नवीन चष्म्याचा नंबर आल्यावर सर्टिफिकेट घ्या. मात्र त्या नादात एक वर्षाची मुदत उलटू देऊ नका. महाराष्ट्रात हे सर्टिफिकेट आता डॉक्टरांकडून ऑनलाइन दिलं जातं, त्यामुळे सारथी पोर्टलवर नोंदणी असलेले डॉक्टर जवळपास कोण आहेत ते आधी विचारून घ्या.

अर्ज कसा करायचा?

१. केंद्र सरकारच्या परिवहन वेबसाइटवरच्या 'सारथी' विभागात जा आणि राज्य म्हणून महाराष्ट्र निवडा.
२. ड्रायव्हिंग लायसन्सच्या सेवांमध्ये रिन्यूअल निवडा. लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की माहिती समोर येते.
३. नाव, जन्मतारीख आणि पत्ता आधारशी जुळतो का ते तपासा.
४. मेडिकल सर्टिफिकेट आणि पोर्टल मागेल ती कागदपत्रं, फोटो, सही अपलोड करा.
५. शुल्क ऑनलाइन भरा, पावती आणि अर्ज क्रमांक जपून ठेवा.

चाचणीची गरज नसलेलं रिन्यूअल आधार पडताळणीवर घरबसल्या करण्याची सोय २०२१ पासून आहे. गुडघेदुखीमुळे जिना चढणं जड जाणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. एक वर्ष उलटलं असेल तर मात्र अपॉइंटमेंट घेऊन स्वतः आरटीओत जावं लागेल.

खर्च किती?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार रिन्यूअलचं शुल्क २०० रुपये आणि स्मार्ट कार्डचं २०० रुपये आहे. सवलतीचा काळ उलटल्यावर रिन्यूअलचं शुल्क ३०० रुपये होतं आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला किंवा वर्षाच्या भागाला १,००० रुपये जादा लागतात. चाचणी असेल तर तिचं शुल्क वेगळं. पोर्टलवर दिसणारी रक्कमच भरायची. त्याहून जास्त कुणी मागत असेल तर ती त्याची स्वतःची फी आहे, सरकारची नाही.

कुठे अडकतं?

ओटीपी येत नाही: आधारला जुना किंवा बंद पडलेला मोबाइल नंबर जोडलेला असतो. आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदला.

लायसन्स पोर्टलवर सापडत नाही: जुनं पुस्तकी लायसन्स असेल तर त्याची संगणकावर नोंद झालेली नसू शकते. ज्या आरटीओनं ते दिलं, तिथे मूळ पुस्तक दाखवून आधी नोंद करून घ्यावी लागते. ते पुस्तक फाटकं असलं तरी टाकून देऊ नका.

पत्ता बदललाय: आई-बाबा गावाहून तुमच्याकडे राहायला आले असतील तर रिन्यूअलबरोबरच पत्ता बदलाचाही अर्ज करा. नवीन कार्ड पोस्टानं पत्त्यावर येतं. पत्ता जुना राहिला तर कार्ड गावच्या बंद घरी जाईल.

व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली: 'लायसन्स रद्द होणार, हे अ‍ॅप डाउनलोड करा' अशा मेसेजमधली एपीके फाइल उघडू नका. अशा बनावट परिवहन अ‍ॅपमधून बँक खाती रिकामी केली जातात. सरकारी वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं.

तोपर्यंत गाडी चालवली तर?

वैध लायसन्स नसताना गाडी चालवल्यास ५,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि हे मुलांनी नीट वाचावं: गाडी तुमच्या नावावर असेल आणि लायसन्स संपलेल्या बाबांना तुम्ही ती चालवू दिली, तर मालक म्हणून तुमच्यावरही वेगळी कारवाई होऊ शकते.

खरा धोका अपघाताच्या वेळी असतो. गाडीच्या नुकसानीचा क्लेम विमा कंपनी नाकारू शकते. समोरच्या व्यक्तीला दुखापत झाली, तर कंपनीनं आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती गाडीमालकाकडून वसूल करावी, असा आदेश होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ मधल्या नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या निकालात हे सूत्र आहे. अशी भरपाई कधी कधी लाखांत जाते.

रिन्यू करायचंच का?

फक्त ओळखपत्र म्हणून लायसन्स हवं असेल तर आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट पुरेसा आहे. पण बाबा खरंच गाडी चालवत असतील, तर निर्णय त्यांच्याशी बोलून घ्या. गाडीवर नवे ओरखडे दिसतात का, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात का, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ होतो का, हे सहज गप्पांत विचारा. सगळं ठीक असेल तर लायसन्स रिन्यू करा. थोडी अडचण असेल तर रात्री आणि हायवेवर गाडी न चालवण्याचं आपसात ठरवता येतं. एखाद्या प्रकारची गाडी आता नको असेल तर तेवढा प्रकार सारथीवरून परत करण्याचीही सोय आहे.

किल्ली न विचारता लपवून ठेवण्यापेक्षा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोबत गेलेलं बरं. तिथे जे कळेल ते बाबांनाही पटतं.