कण्याला ओढ देण्याचा इतिहास

पाठ किंवा मान दुखू लागली की रोग्याला निजवून, दोरी व कप्पी यांच्या साह्याने वजन लावण्याचा उपाय बहुतेकांच्या परिचयाचा आहे. शस्त्रक्रियेवाचून मणक्यांवरील दाब हलका करावयाचा, हा त्यामागील हेतू. तथापि ही कल्पना यंत्रयुगाची नव्हे. तिचे वय सुमारे चोवीसशे वर्षांचे आहे.

ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या नावावर असलेल्या सांध्यांविषयीच्या ग्रंथात कुबडावरील दोन उपचार वर्णिले आहेत. एकात रोग्याला शिडीला बांधून ती शिडी उंचावरून खाली आपटीत. दुसऱ्यात त्याला फळीवर पालथे निजवून दोन्ही टोकांकडून ओढीत आणि त्याच वेळी वैद्य कुबडावर दाब देई. शिडीविषयी ग्रंथकाराचे मत कठोर आहे. तिने कोणाचा कणा सरळ झाल्याचे त्याला ठाऊक नव्हते. बघ्यांना थक्क करू पाहणारे वैद्यच तिचा अवलंब करीत, असे तो म्हणतो. देखावा निराळा आणि गुण निराळा, हा विवेक इतका जुना आहे.

एकोणिसाव्या शतकात त्याचा विसर पडला. न्यूयॉर्कचे डॉक्टर लुइस सेअर हे रोग्याला टांगून त्याच्या धडाभोवती प्लॅस्टरचे कवच घालीत. १८७७ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. असे कवच घालताना, नुसत्या टांगण्यानेच वेदना कमी होतात असे ओडेसाच्या मोचुत्कोव्हस्की यांना वाटले. १८८९ मध्ये पॅरिसच्या विख्यात शार्को यांनी हा प्रयोग उचलताच त्याची लाट उसळली. परंतु ज्या मज्जारज्जूच्या विकारावर तो करीत, तो उपदंशातून उद्भवणारा होता. टांगल्याने तो बरा होणे शक्यच नव्हते. लाट लवकरच ओसरली.

१९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर व बार यांनी, मणक्यांमधील गादी फाटून मज्जातंतूवर दाब आल्यानेही पाय दुखतो, हे दाखवून दिले. ओढ देण्याला त्यामुळे नवा आधार लाभला. पुढे विजेवर चालणारी, संगणकाने ओढ मोजणारी मेजे आली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मोजक्या रोग्यांवरील एका मापनात अशा मेजावर गादीतील दाब पुष्कळ उतरल्याचे आढळले.

परंतु दाब उतरणे म्हणजे व्यथा उतरणे नव्हे. कंबरदुखीवर ओढ देण्याच्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१३ साली आढावा घेतला, तेव्हा वेदनेत व हालचालीत फरक अत्यल्प किंवा नगण्यच आढळला. शिवाय फाटलेल्या गादीचा त्रास पुष्कळदा काही आठवड्यांत वा महिन्यांत आपोआप ओसरतो. त्या काळात जो उपाय चालू असेल, त्याला यश मिळते. म्हणून कोणत्याही उपचाराची पारख, तो न घेतलेल्या रोग्यांशी तुलना करूनच व्हावयास हवी. व्यथित मनुष्य आशेपायी पैसा आणि वेळ दोन्ही खर्च करतो. मेज कितीही दिमाखदार असले, तरी शिडीला लावलेली कसोटी त्यालाही लावली पाहिजे.