शिप्रेच्या वळणावरून

उज्जैनला आलेला मराठी माणूस महाकाळाचे दर्शन घेतो, रिक्षाने शहराच्या उत्तरेला भैरवगढात जातो, कालभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवतो आणि परत फिरतो. या पुस्तकाच्या वाचकाने तिथून लगेच फिरू नये. जवळच गढकालिकेचे देऊळ आहे. त्या परिसरातला मातीचा उंचवटा म्हणजे साधे टेकाड नव्हे. प्राचीन उज्जयिनी त्याच्या पोटात आहे. भैरवगढचा अभ्यास देवळापासून नव्हे, या जमिनीपासून सुरू करावा, असा माझा आग्रह आहे.

आधी नदी पाहा. गोदा-कृष्णेच्या सवयीने आपण नदी पूर्वेला वाहणार असे धरून चालतो. शिप्रा मात्र माळव्याच्या काळ्या मातीतून उत्तरेला जाते आणि चंबळेला मिळते. ही माती पीक भरभरून देते, पण पावसाळ्यात तिच्यात पाऊल रुतते. नदीजवळची उंच, कोरडी जागा इथे फार मोलाची.

अशा जागेवर वसलेल्या माणसांनी काय केले, ते उत्खननांतून कळते. ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे मो. ब. गर्दे यांनी १९३८-३९ मध्ये इथे खणून पाहिले. पुढे १९५५ ते १९५८ या काळात न. र. बॅनर्जी यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे सविस्तर उत्खनन केले. पायथ्याशी सुमारे ७५ मीटर रुंद असा मातीचा तट सापडला. एका अंगाला नदी, दुसरीकडे खंदक. नदीच्या बाजूला तटाला लाकडाचा आधार दिलेला होता. मला हा तपशील सगळ्यांत बोलका वाटतो: या तटाला शत्रूइतकेच पुरालाही तोंड द्यायचे होते.

इथून सुमारे २५ किलोमीटरवर कायथा आहे. वि. श्री. वाकणकरांनी तिथे चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आणली. मग नगर उभे राहायला हजाराहून अधिक वर्षे का लागावीत? माझ्या मते उत्तर लोखंडात आणि वाटांत शोधावे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ओझेने, म्हणजे उज्जयिनी, इथून बारिगाझा म्हणजे भडोच बंदराकडे अकीक आणि कापड जात असल्याची नोंद आहे. समुद्रापासून इतके दूर असूनही हे गाव बंदराच्या हिशेबात होते.

कापडाचे नाव निघाले की भैरवगढचे छिपा आठवतात. मेणाने नक्षी राखून कापड रंगवण्याचे त्यांचे काम आजही चालते. पण ‘पेरिप्लस’मधल्या कापडापासून त्यांच्या बाटिकपर्यंत सरळ रेघ ओढू नका, तसा पुरावा नाही. दोन्हींचा एकत्र विचार करायचा तर पाण्यापासून करावा. रंगाऱ्याला कापड धुवायला भरपूर पाणी लागते.

पहिली फेरी हिवाळ्यात करा. पाऊस सरलेला असतो, पीक निघालेल्या शेताच्या बांधावर खापराचे तुकडे दिसतात. ते उचलू नका. कुठे दिसले तेवढे नकाशावर टिपा आणि तिथून नदी किती पावलांवर आहे ते मोजा.