इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम : फलिताच्या मूल्यमापनाचा प्रश्न

परदेशी साहाय्याने चाललेल्या एखाद्या विकासकार्याचा इतिहास लिहू जाता अभ्यासकाच्या हाती प्रथम जी साधने लागतात, ती बहुधा त्या कार्याच्या चालकांनीच निर्माण केलेली असतात. किती हेक्टरांवर सलग समतल चर खोदले गेले, किती नालाबांध घातले गेले, किती रोपे लावली गेली आणि त्यांवर किती द्रव्य खर्ची पडले, याचा तपशील त्यांत सापडतो. त्या कामामुळे गावातील कोणाच्या जीवनात काय पालट झाला, तो किती वर्षे टिकला आणि त्यासाठी कोणाला काय सोडून द्यावे लागले, यांविषयी मात्र ही साधने बहुतांशी मूक असतात. महाराष्ट्रात १९९२ पासून अमलात आलेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचा आणि त्यानंतरच्या प्रयत्नांचा विचार केल्यास, मूल्यमापनाची खरी अडचण आकड्यांच्या अभावात नसून तुलना, काल आणि वाटणी या तीन प्रश्नांना टाळण्यात आहे, असे दिसून येते.

हा विचार करण्यास बीड जिल्ह्यातील नेकनूरचा परिसर सोयीचा आहे. बीड तालुक्यातील हे गाव बालाघाटाच्या पठारी प्रदेशात, मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या मार्गावर वसले आहे. खाली काळा पाषाण, वर उथळ व हलकी माती आणि पर्जन्यछायेतील लहरी पाऊस, ही या प्रदेशाची प्रकृती होय. जिल्ह्याची पावसाची वार्षिक सरासरी सुमारे ६६६ मिलिमीटर मानली जाते. परंतु सरासरी हा येथे फारसा उपयोगाचा शब्द नाही, कारण अवर्षणाच्या वर्षी पाऊस तिच्या कितीतरी खाली राहतो. दिवाळीच्या सुमारास या टापूतील हजारो कुटुंबे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नेकनूर येथे एखाद्या कार्यक्रमाचे उदाहरण म्हणून घेतलेले नाही. ज्या भूमीसाठी असे कार्यक्रम आखले जातात, त्या भूमीवर उभे राहून त्यांचे फलित पाहिले तर ते कसे दिसते, हे समजून घेण्याचे ते ठिकाण आहे.

१९७२ च्या दुष्काळाने मृद्संधारणाच्या कामांना महाराष्ट्रात नवे महत्त्व आणले. दुष्काळी कामांच्या अनुभवातून रोजगार हमी योजना सिद्ध झाली. तिचा कायदा १९७७ साली संमत होऊन १९७९ पासून अमलात आला. या योजनेखाली बांधबंदिस्तीची पुष्कळ कामे झाली, तथापि तिचा मुख्य हेतू मजुरांना काम देणे हा असल्याने कामे सुटी सुटी राहिली. हे ध्यानात आल्यावर १९८३ च्या सुमारास राज्यशासनाने सर्वंकष पाणलोट विकासाचा कार्यक्रम हाती घेतला. डोंगरमाथ्यापासून ओढ्यापर्यंतचे क्षेत्र एकक मानावे, ही शास्त्रीय दृष्टी त्यात होती. उणीव होती ती लोकांच्या सहभागाची. ज्याच्या शेतात बांध घातला गेला, त्यालाच तो पुढे फोडावासा वाटावा, असे प्रसंग विरळ नव्हते.

या पार्श्वभूमीवर इंडो-जर्मन कार्यक्रमाचे वेगळेपण स्पष्ट होते. अहमदनगर जिल्ह्यात (हल्लीचा अहिल्यानगर) अनेक वर्षे काम केलेले स्विस धर्मगुरू हरमान बाकर यांच्या प्रयत्नांतून १९८९ च्या सुमारास या कल्पनेने आकार घेतला. जर्मन शासनाचे द्रव्यसाहाय्य तेथील विकास बँकेमार्फत नाबार्डकडे येई. ग्रामस्थांच्या प्रशिक्षणाचा भार बाकर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये स्थापिलेल्या ‘वॉटर’ या संस्थेने उचलला. गावाची निवड होण्यापूर्वी ग्रामस्थांनी श्रमदान करून आपली तयारी सिद्ध करावी, ग्रामसभेने पाणलोट समिती नेमावी, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारावी आणि अकुशल मजुरीचा सुमारे सहावा हिस्सा गावाने श्रमरूपाने द्यावा, अशा अटी होत्या. भूमिहीनांना या हिश्श्यातून सूट होती. माथ्यावरील वन व महसुली जमीन, मधली कोरडवाहू शेती आणि पायथ्याचे ओढे यांवर क्रमाने काम करण्याची शिस्त कटाक्षाने पाळली गेली. या अनुभवाचा प्रभाव राज्यापुरता राहिला नाही. १९९९-२००० मध्ये केंद्रशासन व नाबार्ड यांनी प्रत्येकी १०० कोटी रुपये घालून पाणलोट विकास निधी उभारला, त्यामागे या कार्यक्रमाची प्रेरणा होती.

कार्यक्रमाचे फलित काय, या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर शोधण्याचा महत्त्वाचा प्रयत्न जॉन केर यांनी गणेश पानगरे व वसुधा लोकूर-पानगरे यांच्या सहकार्याने केला. वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेने तो २००२ मध्ये प्रसिद्ध केला. महाराष्ट्र व आंध्र प्रदेश या राज्यांतील ८६ गावे त्यांनी तपासली. निव्वळ शासकीय योजनांची गावे, स्वयंसेवी संस्थांची गावे, शासन व संस्था यांच्या सहकार्याने चाललेल्या आदर्श गाव व इंडो-जर्मन या कार्यक्रमांची गावे आणि जेथे कोणताच कार्यक्रम नव्हता अशी गावे, यांची तुलना हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य होय. लोकसहभागावर भर देणाऱ्या कार्यक्रमांची कामगिरी केवळ तांत्रिक दृष्टीने राबविलेल्या कार्यक्रमांहून सरस ठरली.

परंतु या अभ्यासाची खरी थोरवी त्याने दाखविलेल्या मर्यादांत आहे. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच्या स्थितीची विश्वसनीय नोंद बहुतेक ठिकाणी नव्हती. शिवाय ज्या गावांत एकी आधीच होती, तीच गावे संस्था निवडीत. मग यशाचे श्रेय चरांना द्यावे की एकीला? जे गाव श्रमदानाची अट पुरी करू शकते तेच निवडले जात असेल, तर त्याच्या यशावरून ती अट पुरी न करू शकणाऱ्या गावाविषयी काहीच अनुमान काढता येत नाही. तुलनेचा हा प्रश्न केवळ संख्याशास्त्राचा नाही. बालाघाटावरील ज्या गावातील निम्मी माणसे सहा महिने ऊसतोडीला गेलेली असतात, त्या गावात श्रमदानास उभे राहणार कोण? लोकसहभागाची अट गावाची इच्छा पारखते, त्याबरोबरच गावात राहण्याची त्याची ऐपतही नकळत पारखते.

दुसरा प्रश्न वाटणीचा. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी येथे १९९६ ते २००१ या काळात झालेले काम या कार्यक्रमाचे आदर्श उदाहरण म्हणून जगभर गाजले. २००५ च्या जागतिक साधनसंपत्ती अहवालातही त्याची दखल घेतली गेली. पूर्वी वर्षातून जेमतेम तीन-चार महिने शेतीकाम मिळे, ते पुढे नऊ-दहा महिने मिळू लागले. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे गाव टँकरमुक्त झाले. ही प्राप्ती सामान्य नव्हे. मजुरीच्या दिवसांची ही वाढ भूमिहीनांपर्यंतही पोहोचली, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्याच दरेवाडीत चराईबंदीचा पहिला ताण मेंढपाळांना सोसावा लागला. माथ्यावरच्या गायरानात चर खोदून चारा वाढविला, तर झिरपलेले पाणी पायथ्याच्या विहिरींत उतरते. विहीर ज्याच्या जमिनीत, पाणी त्याचे, हा रूढ व्यवहार. परिणामी माथ्यावर चरणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांचा धनी जे गमावतो, ते पायथ्याच्या बागायतदाराच्या मोटारीतून वर येते. केर यांच्या अभ्यासातही लाभ झाल्याचे सांगणाऱ्यांत ओलिताची जमीन असणारे पुढे होते. भूमिहीन आणि स्त्रिया यांच्याकडून मात्र गायरान बंद झाल्याची तक्रार आली. गावाची सरासरी काढताच ही तक्रार अदृश्य होते. सरासरीच्या रकान्यात मेंढपाळाला जागा नसते.

तिसरा प्रश्न कालाचा आहे. प्रकल्पाची मुदत चार-सहा वर्षांची असते आणि मूल्यमापन बहुधा तिच्या अखेरीस होते. त्या वेळी चर ताजे असतात, समिती जागी असते, निधी येत असतो. पाणलोट कामाची परीक्षा मात्र त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या अवर्षणात होते. मराठवाड्यात ती वेळ २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१४ ते २०१६ या काळात आली. याच बालाघाटात उगम पावणाऱ्या मांजरेवरील, केज तालुक्यातल्या धनेगावचे धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. दरम्यान विंधनविहिरी खोल खोल जात होत्या आणि मांजरेच्या खोऱ्यात ऊस उभा होता. भूजलाच्या उपशावर नियंत्रण आणणारा महाराष्ट्राचा कायदा २००९ चा. तो अमलात येण्यास २०१४ उजाडले. पाणी मुरविणे हे काम सामुदायिक ठेवायचे आणि उपसणे मात्र व्यक्तीच्या मर्जीवर सोडायचे, ही विसंगती कोणत्याही प्रकल्पाच्या मुदतीत मिटणारी नव्हती आणि म्हणूनच ती कोणत्याही समाप्ति-अहवालात ठळकपणे उमटली नाही.

बीड जिल्ह्याचा समावेश असलेला अलीकडचा मोठा आंतरराष्ट्रीय प्रयत्न म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. हवामानबदलास तोंड देण्यासाठी आखलेल्या या प्रकल्पास जागतिक बँकेने २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर केले. मराठवाडा, विदर्भ व खानदेशातील पाच हजारांहून अधिक गावे त्यात होती आणि २०२४ मध्ये त्याचा पहिला टप्पा संपला. मूल्यमापनाच्या दृष्टीने येथे निश्चित प्रगती दिसते. प्रारंभीच पायाभूत पाहणी करण्याची, प्रकल्पाबाहेरील गावांशी तुलना करण्याची आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची तजवीज त्यात होती; ताळेबंदाच्या पद्धतीस मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे साहाय्य लाभले. तुलनेचा प्रश्न असा पूर्वीपेक्षा गंभीरपणे घेतला गेला. परंतु साहाय्याचा मोठा भाग ठिबक, तुषारसंच, शेततळे, फळबाग अशा वैयक्तिक बाबींसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात गेला. ज्याच्याकडे सातबारा आहे आणि आधी पदरचे पैसे घालण्याची ताकद आहे, त्यालाच अशा साहाय्याचा सुखाने लाभ घेता येतो. प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे पावसाच्या पाण्याऐवजी विहिरीच्या उपशाने भरण्याची चाल महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळली आहे. अशा तळ्याची नोंद ‘निर्माण झालेला पाणीसाठा’ म्हणून होते. शेजाऱ्याच्या विहिरीची उतरलेली पातळी त्याच रकान्यात वजा होत नाही.

यावरून हे कार्यक्रम व्यर्थ गेले, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. त्यांनी उजाड माथे हिरवे केले, अनेक गावांचा टँकर थांबविला आणि ग्रामसभेला स्वतःच्या भूमीविषयी निर्णय घेण्याची सवय लावली. प्रश्न आहे तो त्यांना कोणता मापदंड लावावा हा. नेकनूरच्या परिसरापुरते पाहिले तर असा एक मापदंड कोणत्याही उपकरणावाचून उपलब्ध आहे. दिवाळीनंतर किती कोयते गावाबाहेर पडतात, म्हणजे किती नवरा-बायको जोडीने उचल घेऊन ऊसतोडीला जातात, आणि किती मुले शाळा सोडून त्यांच्यासवे जातात, हे गावाला ठाऊक असते. पाणी अडले, मुरले आणि वाटले गेले, तर काही वर्षांनी ही संख्या घटली पाहिजे. ती घटली नाही, तर पाणी कोठे गेले हे शोधणे भाग आहे. पाऊस, बाजारभाव, मजुरीचे दर अशी इतर कारणेही या संख्येवर परिणाम करतात हे खरे. म्हणूनच तिचीही तुलना शेजारच्या गावांशी आणि अनेक वर्षांच्या नोंदींशी करावी लागेल. परंतु ज्यांच्या नावावर ना विहीर आहे ना जमीन, अशांना मोजणीत आणणारे हे माप आहे.

१९९२ नंतरच्या या इतिहासाकडे पाहता, परदेशी साहाय्याच्या कार्यक्रमांनी महाराष्ट्राला पाणी अडविण्याची शिस्त दिली. अडविलेले पाणी वाटण्याची शिस्त समाजाने व शासनाने स्वतः घडवावयाची होती आणि ती अद्याप अपुरी आहे. मूल्यमापनाने ही उणीव प्रकल्पाच्या यशाखाली झाकू नये. त्यासाठी प्रकल्प संपल्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी त्याच गावात परत जाणे, निवडल्या न गेलेल्या गावालाही विचारणे आणि पायथ्याच्या विहिरीबरोबर माथ्यावरच्या मेंढपाळाचीही साक्ष नोंदविणे अगत्याचे आहे. हे काम निधी देणाऱ्या संस्थांच्या वेळापत्रकात बसत नाही. विद्यापीठातील संशोधनाला मात्र ते करण्याइतकी सवड आणि स्वातंत्र्य दोन्ही आहेत.