पी. पी. नंबर आणि घरातले दोन संगणक

कोल्हापूरने महाराष्ट्राला कुस्ती दिली, चप्पल दिली, तांबडा-पांढरा दिला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच यादीत आणखी एक नाव घालावयास हवे, ते कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे घालावयाचे, पाणी अडवावयाचे आणि ते पाळीपाळीने शेतांना द्यावयाचे. एका प्रवाहावर अनेकांनी जगण्याची ही विद्या आमच्या पंचगंगेच्या काठी मुरलेली आहे. तेव्हा घरात इंटरनेटची जोडणी एक आणि संगणक दोन, हा प्रश्न कोल्हापूरकराला अवघड वाटू नये.

परंतु येथे एक मेख आहे. पाण्याच्या थेंबावर कोणाचे नाव लिहिलेले नसते. इंटरनेटवरून येते ते मात्र कोणीतरी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते. ते वडिलांचे की मुलाचे, हे कोणी ठरवावे?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या पेठांना फार पूर्वीच सापडले होते. साऱ्या गल्लीत एखाद्याच घरी टेलिफोन असे आणि बाकीचे लोक त्याच नंबरापुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरे लिहीत. नंबर शेजाऱ्याचा, माणूस आपण! मी लहानपणी हा कारभार रोज पाहिला आहे. ‘ओ वहिनी, भावजींचा फोन आलाय वो!’ अशी हाक आली की हातातले काम टाकून धावावयाचे. फोनवाल्या काकूंच्या ध्यानात सारे असे. सकाळी कोणी कोठे फोन लावला होता आणि आता आलेले उत्तर कोणाचे.

भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगमाने प्रथम मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे ते सुरू केले. चित्रांसह हवे तर १५,००० रुपये. नुसत्या अक्षरांवर भागत असेल तर ५,०००. पुढे १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली, दर उतरले आणि इंटरनेट लहान शहरांतल्या घरांत शिरले. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला फार तर ५६,००० बिट येत; एक मेगाबाइटचे छायाचित्र उतरावयास कागदी हिशेबानेही अडीच मिनिटे लागत. शिवाय तेवढा वेळ फोन अडकून पडे, तो वेगळाच!

१९९९ साली विंडोज ९८ ची दुसरी आवृत्ती आली आणि जोडणी वाटून घेण्याची सोय तिच्यातच मिळाली. पहिला संगणक मोडेमला जोडावयाचा, दुसरा पहिल्याला. दोघांमध्ये थेट तार घालावयाची तर तिच्या आतल्या जोड्या उलट लावाव्या लागत, म्हणजे एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी पडे. मौज अशी की पहिला संगणक बंद झाला की दुसऱ्याचेही इंटरनेट गेले. वडील निजावयास गेले, की मुलाचा अभ्यास (आणि खेळ) आटोपला! पुढे हेच काम राउटर नावाची छोटी पेटी करू लागली.

या सोयीमागचे कारण मात्र घरगुती नव्हते. १९८१ साली इंटरनेटचे जे नियम ठरले, त्यांत पत्त्यांची संख्या सुमारे ४२९ कोटींवर थांबत होती. एवढे पत्ते जगाला पुरणार नाहीत, हे दशकभरातच दिसू लागले. मे १९९४ मध्ये एगेव्हांग आणि फ्रान्सिस या दोघांनी एक तोडगा मांडला: आतल्या संगणकांना आपसांतले पत्ते द्यावेत आणि बाहेर पडताना ते बदलावेत. त्यातूनच पुढे अनेकांना एकच बाहेरचा पत्ता पुरवण्याची रीत रुळली. कोणी काय विचारले याची नोंद पेटी ठेवते आणि उत्तर आले की ज्याचे त्याला पोचवते. म्हणजे फोनवाल्या काकूच, फक्त चहा न विचारणाऱ्या!

हा तोडगा तात्पुरता म्हणून मांडला होता. तो कायमचा झाला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटले गेले. आणि आता काही कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. सारी गल्ली पुन्हा पी. पी. झाली आहे!

यात तोटा काय? पेटीला फक्त मागितलेल्या उत्तराचा धनी ठाऊक असतो. आपण होऊन कोणी दार ठोठावले, तर ते आत कोणासाठी आहे, हे तिला कळत नाही. त्यामुळे दोन घरांतले संगणक बोलू पाहतात तेव्हा बहुधा आधी कोणा तिसऱ्याने गाठ घालून द्यावी लागते. आपली छायाचित्रे आपल्याच घरातून जगाला दाखवणे अवघड होते. ती दुसऱ्याच्या वखारीत ठेवणे सोपे. आपण विचारणारे झालो, विचारले जाणारे राहिलो नाही.

याच्या उलटा प्रवास आमच्याच जिल्ह्याने पाहिला आहे. १९९८ साली वारणानगर परिसरातल्या सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना निघाली. गावाचा संगणक एक, उसाचे वजन विचारणारे शेतकरी अनेक. २००७ च्या सुमारास काही गावांत त्या संगणकाऐवजी मोबाईलवरून संदेश पाठवण्याचा प्रयोग झाला आणि शेतकऱ्याला स्वतःच्या फोनवर आपल्या उसाचा हिशेब मिळू लागला. केंद्र उघडण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

इंटरनेटसाठीही नवे, लांब पत्ते तयार आहेत. इतके की घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा देऊनही सरणार नाहीत. भारतात मोबाईलवर ते मोठ्या प्रमाणात आलेही आहेत. दारावर आपल्या नावाची पाटी लागली की नको ते पाहुणेही येतात, म्हणून कडी मजबूत हवी, हे खरे. पण निरोप शेजाऱ्याकडे ठेवावा लागू नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

गती मात्र वाटूनच घ्यावी लागेल. २०२० च्या टाळेबंदीत एका खोलीत शाळा, दुसरीत कचेरी आणि जोडणी एकच, तेव्हा कोणत्याही पेटीने घरात शांतता आणली नाही. ती आणली, जेथे आली तेथे, पाळी ठरवणाऱ्या आईने.