उपग्रहाखालची मुलं

विक्रोळीचं अवकाशाशी नातं विचारलं की बोट गोदरेजच्या कारखान्याकडे जातं. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात पेटणारं ‘विकास’ इंजिन इथे वर्षानुवर्षं घडत आलं आहे. विज्ञान प्रदर्शनातल्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीही रॉकेटच्याच असतात. उपग्रह वर गेल्यावर खाली काय काम उरतं, ते मुलांना सहसा कोणी सांगत नाही. आणि शाळकरी मुलांना खरं संशोधन करायला मिळालं, ते तिथेच.

याचं मूळ १९५६ सालात आहे. स्पुटनिक अजून उडायचा होता, पण खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी अमेरिकेत ‘मूनवॉच’ची हौशी पथकं उभी केली. त्यांत शाळकरी पोरंही होती. लहानशा दुर्बिणीला डोळा लावून बसायचं आणि उपग्रहाचा ठिपका ठरलेल्या रेषेवरून सरकला की वेळ टिपायची. कंटाळवाणं काम! पण उपग्रहाची कक्षा किती वेगाने आकसते ते अशा नोंदींवरून कळे, आणि त्यावरून अतिउंचावरच्या विरळ हवेची घनता काढता येई. पुढे १९६६ मध्ये इंग्लंडच्या केटरिंग ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी या शिक्षकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॉसमॉस ११२ या उपग्रहाचा माग काढत रशियाचा गुप्त प्लेसेत्स्क प्रक्षेपणतळ हुडकला. हे पृथ्वीविज्ञान नव्हे, पण मुलांच्या वहीचा दरारा वाढला.

मला या घराण्यातली ढगांची पिढी सर्वांत आवडते. पृथ्वीवरून परतणारी ऊर्जा मोजणारं ‘सेरेस’ हे उपकरण १९९७ मध्ये नासाने अवकाशात धाडलं. वरून पाहताना बर्फावरचा ढग बर्फातच मिसळतो, पातळ ढग निसटतो. म्हणून उपग्रह डोक्यावरून जायच्या सुमारास शाळांतल्या मुलांनी मान वर करून ढगांचा प्रकार आणि त्यांनी किती आकाश व्यापलंय ते लिहून पाठवायचं, अशी योजना झाली. हे काम आता ‘ग्लोब’ या उपक्रमात चालतं. भारत त्यात २००० साली सामील झाला.

विक्रोळीच्या शेजारी, पवईत, हीच रीत वेगळ्या रूपात आली. आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये ‘प्रथम’ हाती घेतला. दहा किलोंचा हा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५वरून गेला. त्याच्या रेडिओलहरींच्या कंपनांचं प्रतल आयनांबरातून येताना किती फिरतं, यावरून तिथले इलेक्ट्रॉन मोजायचे होते. एका अँटेनाने हे भागणारं नव्हतं, म्हणून इतर महाविद्यालयांतही ग्राहक केंद्रं उभारायचं ठरलं. शाळा मात्र यात मागेच राहिल्या.

ढगांना अँटेनाही लागत नाही. गच्ची, घड्याळ आणि वही पुरते. जुलैत विक्रोळीवर दोन-तीन थर एकावर एक असतात. उपग्रहाला आधी दिसतो तो वरचा. ठाणे खाडीकडे सरकत जाणारा खालचा थर गच्चीवरच्या मुलीनेच लिहायचा.